दोन खांबांमधलं अंतर

60 मीटर की 200 मीटर, या एका आकड्यावरून वरळीचा कोळीवाडा आणि मुंबई महापालिका काही वर्षं एकमेकांसमोर उभे ठाकले होते. सागरी किनारा मार्ग सागरी सेतूला जोडायचा म्हणजे मधल्या पाण्यात खांब येणार. क्लीव्हलँड बंदरातून निघणाऱ्या होड्यांना मासेमारीला जायचं तर त्या खांबांमधूनच वाट काढावी लागणार. पालिका तज्ज्ञांच्या अहवालावर बोट ठेवून सांगत होती, दोन खांबांत 60 मीटर पुरेसे आहेत. कोळी म्हणत होते, 200 हवेत. 2021 च्या अखेरीस मच्छिमारांनी भर समुद्रात होड्या आडव्या घालून काम अडवलं. बैठका झाल्या, फिसकटल्या, पुन्हा झाल्या. शेवटी डिसेंबर 2022 मध्ये मुख्यमंत्र्यांनीच जाहीर केलं की मधला एक खांब गाळू आणि अंतर 120 मीटर करू. या कामाचं भूमिपूजन झालं होतं डिसेंबर 2018 मध्ये. म्हणजे चार वर्षं गेली.

एप्रिल 2024 मध्ये त्या वाढीव अंतरावर 136 मीटर लांबीची, सुमारे दोन हजार टनांची लोखंडी कमान बसवली गेली. भरती-ओहोटीची वेळ साधून ती तराफ्यावरून कशी आणली, याची वर्णनं छापून आली. ते कौतुक रास्तच होतं. मला मात्र त्या कमानीकडे पाहिलं की एकच गोष्ट छळते. हा 120 चा आकडा 2018 मध्ये का सापडू नये?

‘कोळ्यांना कुणी विचारलंच नाही,’ असं उत्तर लगेच मिळतं, आणि ते बऱ्याच अंशी खरंही आहे. पण नुसतं विचारूनही तो आकडा हाती आला नसता. इंजिनीयरने कोळ्याला विचारलं असतं तर ‘200’ असं उत्तर आलं असतं, कोळ्याने इंजिनीयरला विचारलं असतं तर ‘60’. दोघांनाही ‘का?’ असं विचारायला तिसरं माणूस लागतं. कागदावरची होडी सरळ रेषेत जाते. पाण्यातली होडी वाऱ्याने कडेला सरकते, खांबावर आपटून परतणारी लाट तिला ढकलते, समोरून दुसरी होडी येत असते. त्यातच नेमक्या त्या क्षणी इंजिन बंद पडलं तर? 200 या आकड्याच्या पोटात ही भीती होती. 60 च्या पोटात खर्च होता, आराखडा पुन्हा काढावा लागण्याची धास्ती होती, आणि ठरलेल्या मुदतीत रस्ता पुरा करण्याचं दडपण होतं. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. आकडे भांडत होते आणि त्यांच्यामागची कारणं एकमेकांना भेटतच नव्हती.

मी व्यवसायाने मध्यस्थ आहे. आधी वकिली केली, मग 40 तासांचं ते ठरावीक प्रशिक्षण घेतलं, आणि आता बरीच वर्षं कोर्टाने समझोत्यासाठी पाठवलेल्या केसेस हाताळते. नवरा-बायको, भाऊ-भाऊ, सोसायटी आणि बिल्डर, भागीदारीतून फुटलेले दोन मित्र. या कामात न्याय द्यायचा नसतो, सल्लाही द्यायचा नसतो. लवाद निर्णय देतो, मध्यस्थ देत नाही. दोन्ही बाजूंना आपापला निर्णय घेता येईल इतपत वाट मोकळी करून द्यायची, एवढंच माझं काम. ऐकायला ते किरकोळ वाटतं. पण एकदा खोलीत बसून पाहावं. ‘मला पैसे नकोत, त्याने माफी मागायला हवी,’ हे वाक्य बाहेर यायला कधी कधी अख्खी दुपार जाते, आणि ते एकदा बाहेर आलं की दहा वर्षं चाललेला दावा तासाभरात मिटतो.

गेल्या काही वर्षांत माझं मन या खोलीबाहेरच्या भांडणांकडे ओढलं गेलं आहे. जमिनीची भांडणं, पाण्याची, झाडांची, मैदानांची. मुंबईत कुठेही पत्रा लागला आणि पत्र्यामागे खोदकाम सुरू झालं की समोरच्या इमारतीत एक व्हॉट्सॲप ग्रुप जन्माला येतो. मग निवेदन, सह्यांची मोहीम, मोर्चा, जनहित याचिका. या सगळ्याबद्दल मला आदर आहे. मुंबईत आज जी खारफुटी उरली आहे ती याचिका करणाऱ्यांमुळेच उरली आहे. पण कोर्टात गेल्यावर एक बाजू जिंकते आणि एक हरते, आणि निकालानंतरही त्या दोघांना एकाच गल्लीत, एकाच खाडीच्या काठावर राहायचं असतं.

अशा भांडणांसाठी मुद्दाम शिकून तयार झालेली माणसं जगात आहेत, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नाही. याची सुरुवात अमेरिकेत झाली, वॉशिंग्टन राज्यातल्या स्नोक्वाल्मी नदीवर. नदीला पूर यायचे, म्हणून खोऱ्यातल्या शेतकऱ्यांना धरण हवं होतं. पर्यावरणवाद्यांना ते नको होतं. राज्यपाल डॅन इव्हान्स यांनी धरणाला नकार दिला होता, तरी वाद मिटत नव्हता. 1973-74 मध्ये जेराल्ड कॉर्मिक आणि जेन मॅकार्थी या दोघांनी मध्यस्थी केली. अनेक महिने स्वतंत्र गाठीभेटी घेतल्या, आणि डिसेंबर 1974 मध्ये करार झाला. त्यात जे सापडलं ते मला फार मोलाचं वाटतं. पर्यावरणवाद्यांचा खरा धसका धरणाच्या भिंतीचा नव्हताच. पूर थांबला की त्या सुपीक खोऱ्यात घरं आणि मॉल उठतील आणि शेती जाईल, ही त्यांची भीती होती. शेतकऱ्यांनाही शेतीच टिकवायची होती. इतकी वर्षं एकमेकांविरुद्ध उभ्या असलेल्या माणसांना एकच गोष्ट वाचवायची होती. मग लहान धरण, तेही नदीच्या दुसऱ्या फाट्यावर, जोडीला बांध आणि जमीनवापरावर निर्बंध, असा तोडगा निघाला. ते धरण पुढे झालंच नाही, हेही सांगायला हवं. मध्यस्थीत झालेला करार सरकारी तिजोरीपर्यंत पोचेलच असं नाही. पण तिथून हा एक व्यवसाय उभा राहिला. 1998 मध्ये तर अमेरिकेच्या संघराज्य सरकारने पर्यावरणीय वादांसाठी स्वतंत्र संस्थाच स्थापन केली.

आपल्याकडे काय आहे? जनसुनावणी आहे. पर्यावरण मंजुरीच्या 2006 च्या अधिसूचनेनुसार मोठ्या प्रकल्पांसाठी 30 दिवसांची सूचना देऊन, जिल्हाधिकारी किंवा त्यांच्या प्रतिनिधीच्या अध्यक्षतेखाली ती घ्यावी लागते. तिचं चित्रीकरण होतं. किती माणसं हजर असावीत याची अट नाही, गणसंख्या लागत नाही. मतदानही नाही. पर्यावरणावरच्या परिणामांचा अहवाल जाडजूड आणि इंग्रजीत, मराठीत मिळतो तो सारांश. मी काही जनसुनावण्यांना जाऊन बसले आहे. मंचावर टेबलं, टेबलांवर पाण्याच्या बाटल्या, खाली प्लॅस्टिकच्या खुर्च्या. माइकसमोर रांग लागते. प्रत्येक जण तावातावाने बोलतो, टाळ्या पडतात, मंचावरचे अधिकारी लिहून घेतात. कुणीही कुणाला प्रश्न विचारत नाही. बोलणाऱ्याचं तोंड मंचाकडे असतं आणि ज्याच्याशी खरं भांडण आहे तो चौथ्या रांगेत बसलेला असतो.

विकास आराखड्याच्या हरकतींचंही तेच. 2015 च्या फेब्रुवारीत मुंबईच्या नव्या विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाला, त्यात इतक्या चुका निघाल्या आणि हजारोंनी इतक्या हरकती आल्या की एप्रिलमध्येच सरकारला तो मागे घेऊन नव्याने करायला सांगावं लागलं. अंतिम आराखडा 2018 मध्ये मंजूर झाला. हरकत हा कागद एका दिशेने जातो. शेजारच्याने घेतलेली हरकत माझ्या हरकतीला छेद देत असेल तर आम्हा दोघांना एकत्र बसवायची सोय त्या प्रक्रियेत नाही.

आणि मग उरतात ते आपले नेहमीचे मध्यस्थ: नगरसेवक, आमदार, पक्षाचा शाखाप्रमुख, कधी कधी वस्तीतला वजनदार माणूस. त्यांची उपयुक्तता मी नाकारत नाही. रात्री दोन वाजता पोलीस स्टेशनला जाणारा माणूस तोच असतो. पण तो येतो तेव्हा रेषा नकाशावर पडलेली असते, कंत्राट दिलेलं असतं, आणि बोलण्यासारखं फक्त एकच उरलेलं असतं: किती देणार? पात्र किती, अपात्र किती, घर कुठे, दुकानाचं काय. भरपाईची बोलणी ही मध्यस्थीची शेवटची पायरी आहे. आपण सुरुवातच तिच्यापासून करतो.

एक प्रसंग सांगते. मध्यस्थीत बोललं गेलेलं बाहेर न्यायचं नसतं, म्हणून जागा सांगत नाही आणि माणसं ओळखू येऊ नयेत इतपत तपशील बदलले आहेत. खाडीच्या तोंडाशी एक जुना कोळीवाडा, त्याला लागून उठलेला टॉवर, आणि दोघांच्या मधे जमिनीची एक लांबट पट्टी. त्या पट्टीवर सुशोभीकरणाचा पदपथ मंजूर झाला होता. टॉवरवाल्यांना तो हवा होता, कारण त्यांच्या मते तिथे घाण वास येतो. कोळीवाड्याला नको होता, कारण तिथे त्यांचे बोंबील वाळतात. आराखड्यात त्या पट्टीवर ‘मोकळी जागा’ असं लिहिलेलं होतं. टॉवरमधल्या एका निवृत्त गृहस्थांचं दोन्हीकडे जाणं-येणं होतं. त्यांनी मला बोलावलं.

अशा कामात टेबलापर्यंत पोचायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. मी घरोघर गेले. पहिला प्रश्न सगळीकडे तोच: “ताई, तुम्ही कुणाकडून?” टॉवरमध्ये ‘ताई’च्या जागी ‘मॅडम’, प्रश्न तोच. मग बसायचं कुणी, यावरून ओढाताण. टॉवरच्या चेअरमनचं म्हणणं होतं की आमचे तिघं आणि मच्छिमार सोसायटीचे तिघं, एवढं बास. पण मच्छिमार सोसायटीचे पदाधिकारी म्हणजे बोटींचे मालक, सगळे पुरुष. बोंबील वाळवतात बायका. त्या पट्टीवर पदाधिकाऱ्यांपैकी कुणाचंही पाऊल रोज पडत नाही. बायकांना बोलवायचं म्हटल्यावर वेळेचा पेच आला. सकाळी त्या बाजारात, दिवस कलला की वाळवण आवरायला. पालिकेच्या इंजिनीयरला सकाळी अकराचीच वेळ सोयीची. दुपारी तीन ही वेळ ठरवायला मला पुढच्या सगळ्या बैठकांपेक्षा जास्त फोन करावे लागले. पण ती वेळ ठरली तिथेच निम्मं काम झालं, असं मी आजही मानते. तीन वाजता आलेल्या बायका पाहुण्या म्हणून आल्या नव्हत्या. त्यांच्या वेळेला सगळे आले होते.

पहिली बैठक मी खोलीत घेतलीच नाही. सगळ्यांना त्या पट्टीवर नेलं. पुढे एक काकी, साठीच्या, मागे हातात ड्रॉइंगची गुंडाळी घेतलेला तरुण इंजिनीयर. काकी पायाने रेघ ओढत चालल्या होत्या. “इथपर्यंत माझ्या सासूचा मांडव. इथून धाकट्या जावेचा. ही मधली वाट. डोक्यावर पाटी घेऊन दोघी समोरासमोर आल्या तर जायला व्हायला हवं का नको?” इंजिनीयरने टेप काढली. काकी पाटी डोक्यावर घेऊन उभ्या राहिल्या, समोर त्यांची जाऊ उभी राहिली, आणि त्याने अंतर मोजून वहीत लिहिलं. त्या ड्रॉइंगवर इतकी वर्षं जे कोरं होतं तिथे पेन्सिलीने बारा-तेरा मांडव आले. प्रत्येकाला नाव होतं, मालकीण होती, वहिवाट होती. मिळकतपत्रिका मात्र एकाचीही नव्हती.

नवव्या मजल्यावरच्या आजोबांनी विचारलं, “हे पलीकडच्या टोकाला नाही का वाळवता येणार?” काकींनी हात वर करून बोट टॉवरकडे दाखवलं. “वारा येतो खाडीकडून. हा टॉवर उठल्यापासून अलीकडचा अर्धा वारा गेला. पलीकडे घरं आहेत. वारा फक्त इथे आहे.” आजोबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच वासाचं सांगितलं, आणि बोलता बोलता असं निघालं की त्रास बोंबलाचा नव्हता. खतासाठी म्हणून बारीक, नासकी मासळी भिंतीला लागून पसरली जायची, माश्या तिच्यामुळे व्हायच्या. ती पसरणारा ठेकेदार बाहेरचा होता, आणि कोळणींनाही तो तिथे नकोच होता. त्या खताच्या मासळीला वाऱ्याची गरज नव्हती, ती कुठेही चालली असती. ‘मासळीचा वास’ या एका तक्रारीत दोन वेगळ्या मासळ्या होत्या, आणि तक्रार घेऊन पालिकेत जाणाऱ्याला त्यातला फरक कळायचं कारण नव्हतं.

पुढच्या बैठकांत पदपथ अरुंद झाला, होड्या ओढून वर घ्यायला रेलिंगमध्ये उघडझाप करता येईल अशा जागा ठरल्या. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या कुठे शाकारून ठेवायच्या हे नकाशावर आखलं गेलं. पार्किंगवर मात्र काही जमलं नाही. टॉवरच्या पाहुण्यांच्या गाड्या कोळीवाड्याच्या रस्त्यावर लागतात, तो वाद तसाच आहे. एक पानी मराठी कागद तयार झाला, सगळ्यांनी सह्या केल्या. तो कागद आज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आहे, कारण मंजूर आराखड्यात बदल करायचा तर वरपर्यंत जावं लागतं आणि वरच्यांपैकी कुणीही त्या दुपारी तिथे नव्हतं.

या क्षेत्राबद्दल माझी ठाम समजूत अशी झाली आहे की बहुतेक वादांत मतं फार पुढची गोष्ट असते. त्याच्या कितीतरी आधी, दोन्ही बाजूंनी एकच वस्तू एकत्र पाहिलेली नसते. एकाने अहवाल पाहिलेला असतो, दुसऱ्याने जागा. मध्यस्थाने काही केलं नाही तरी चालेल, पण दोघांना एका वेळी एका जागी उभं करून, एकाच टेपने मोजायला लावलं पाहिजे. तज्ज्ञ नेमायचा तर तोही दोघांनी मिळून नेमावा, त्याला विचारायचे प्रश्न दोघांनी मिळून लिहावेत. वरळीत नाखवे आणि इंजिनीयर एकाच होडीत बसून, जोराच्या वाऱ्यात त्या जागेवरून दोनदा गेले असते, तर चार वर्षं लागली असती असं मला वाटत नाही.

आरेचा विषय निघाला की माझ्याकडे याहून अवघड प्रश्न येतो, आणि तो टाळू नये. मेट्रो 3 ची कारशेड आरेच्या झाडीत करायची की नाही, हा तो वाद. 2015 मध्ये सरकारने तांत्रिक समिती नेमली, तिच्यातच एकमत झालं नाही, दोघा सदस्यांनी वेगळं मत नोंदवलं. 4 ऑक्टोबर 2019 ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या, आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. 7 तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ‘जैसे थे’चा आदेश देईपर्यंत दोन हजारांवर झाडं पडली होती आणि 29 जणांना अटक झाली होती. 2020 मध्ये कारशेड कांजूरला हलवली, डिसेंबरमध्ये तिथल्या जमिनीच्या मालकीवरून केंद्र आणि राज्य कोर्टात उभे राहिले आणि काम थांबलं. 2022 मध्ये सरकार बदललं, कारशेड परत आरेत. इथे मध्यस्थाने काय केलं असतं? 2019 च्या त्या रात्री काहीच नाही. करवत चालू असताना चर्चेला बसा म्हणणं हा झाडांसाठी जागणाऱ्यांचा अपमान झाला असता. पण 2015 मध्ये, समितीतच दोन मतं पडली तेव्हा, जागा होती. तेव्हा पाड्यांवरचे आदिवासी, मेट्रोचे अभियंते, झाडांसाठी झगडणारे आणि रोज लोकलला लोंबकळून जाणारे प्रवासी यांना एकत्र बसवून ‘कारशेडला नेमकं काय काय लागतं आणि त्यातलं काय दुसरीकडे होऊ शकतं’ हा एकच प्रश्न हाती दिला असता, तर उत्तर कदाचित आरेच आलं असतं, कदाचित नसतं आलं. पण सरकार बदललं म्हणून जागा बदलली, असं झालं नसतं.

काही ठिकाणी मध्यस्थीला मी स्वतः नाही म्हणते. रात्री डेब्रिज टाकून खारफुटी मारणाऱ्याशी समझोता कसला करायचा? खारफुटी नष्ट करायला उच्च न्यायालयाची मनाई आहे, 2018 च्या निकालात ते पुन्हा स्वच्छ सांगितलं गेलं आहे. कायदा मोडणाऱ्याला पोलीस आणि कोर्ट. तसंच, एका बाजूला कंपनीचे सहा वकील आणि दुसऱ्या बाजूला उद्या घर पडणार या भीतीने झोप उडालेलं कुटुंब असेल, तर त्यांना ‘समान’ म्हणून टेबलाशी बसवणं हा अन्याय आहे. आधी त्या कुटुंबाला वकील मिळाला पाहिजे, कागद त्याच्या भाषेत मिळाले पाहिजेत, पाडकामाला स्थगिती मिळाली पाहिजे. मध्यस्थीच्या नावाखाली लोकांना दमवून, गोड बोलून सह्या घेतल्याची उदाहरणं मी ऐकली आहेत. चळवळीतली माणसं माझ्यासारखीकडे संशयाने बघतात ते त्यामुळेच, आणि त्यांचं चुकत नाही.

कायद्याचं काय? 2023 मध्ये संसदेने मध्यस्थीचा स्वतंत्र कायदा केला. आम्ही सगळ्यांनी त्याची फार वाट पाहिली होती. पहिलं परिशिष्ट उघडलं, ज्यात कोणत्या वादांत मध्यस्थी करता येणार नाही याची यादी आहे, आणि माझा जीव खट्टू झाला. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या कक्षेतले विषय त्यात आहेत. भूसंपादन आणि त्याची भरपाईही त्यात आहे. ज्यात हजर नसलेल्या तिसऱ्या माणसाच्या हक्कावर परिणाम होतो असे वादही आहेत. यामागचं कारण मला कळतं, आणि निम्मं पटतं. हवा, पाणी, जंगल ही दोघांनी बसून वाटून घ्यायची गोष्ट नाही. त्यात पुढच्या पिढीचा वाटा आहे, आणि ती टेबलाशी नसते. बंद खोलीत कंपनीने चार पुढाऱ्यांशी करार करून खाडी विकत घेऊ नये, ही भीती खरीच आहे. पण त्या भीतीपोटी दारच बंद केलं. बंद खोलीऐवजी उघडी खोली, गुप्ततेऐवजी जाहीर नोंदी, आणि करारावर न्यायाधिकरणाची मोहोर, असा मार्ग काढता आला असता. परिसरातली शांतता बिघडवू शकणाऱ्या वादांसाठी त्याच कायद्यात सामुदायिक मध्यस्थीचं एक प्रकरण आहे: तीन मध्यस्थांचं मंडळ, दोन्ही बाजूंची पूर्वसंमती. मैदान, रस्ता, वाळवणाची जागा असे वाद त्यात बसू शकतात. फक्त त्यातून झालेल्या कराराला कोर्टाच्या हुकूमनाम्याचं बळ नाही.

महाराष्ट्राला ही कल्पना परकी नाही. 15 ऑगस्ट 2007 पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम राबवली गेली, गावोगाव समित्या झाल्या. तिच्यातल्या उणिवा बाजूला ठेवू. पण शहराला तंटेच नाहीत असं समजून आपण ती वेशीबाहेर का ठेवली, हे मला उमगलेलं नाही.

खरी अडचण पैशाची आहे. मध्यस्थाचे पैसे कोण देणार? प्रकल्पवाल्याने दिले तर तो त्याचा माणूस, ही शंका पहिल्या चहाच्या आधीच येते. कोळीवाडा वर्गणी काढून देणार नाही, देऊही नये. मला सुचणारा मार्ग असा: कोणत्याही मोठ्या सार्वजनिक कामाच्या खर्चातला अगदी छोटा हिस्सा आधीच बाजूला काढून तो विधी सेवा प्राधिकरणासारख्या त्रयस्थ यंत्रणेकडे द्यावा. यादीतून मध्यस्थ निवडायचा तो दोन्ही बाजूंनी, आणि कुणालाही न पटल्यास मधेच बदलायची मुभा. समझोता होवो न होवो, मानधन तेवढंच. आणि त्याला बोलवायचं ते सर्वेक्षणाच्या आधी, निविदेच्या आधी. दोन हजार टनांची कमान उभारायला जे शहर पैसे काढतं त्याला हे जड नाही.

हे सगळं उद्याच करून पाहता येईल असं एक काम मुंबईत पडून आहे: कोळीवाड्यांचं आणि गावठाणांचं सीमांकन. वर्षानुवर्षं ते चालू आहे. भूमापक येतात, दगड रोवतात, कुणी म्हणतं आमचं अंगण बाहेर गेलं, कुणी म्हणतं झोपड्या आत आल्या, आणि नकाशा पुन्हा कपाटात जातो. एका कोळीवाड्यापासून सुरुवात करावी. भूमापकाच्या आधी दोन मध्यस्थ पाठवावेत, त्यातली एक बाई असावी, दोघांनाही कोळ्यांची बोली कळायला हवी. त्यांनी आधी बोटवाल्यांकडे जाऊ नये. ज्यांच्याकडे बोट नाही, परवाना नाही, फक्त पाटी आहे, त्या बायकांच्या घरी आधी जावं, त्यांच्या सोयीची वेळ विचारावी, आणि बैठकीची तारीख त्यानंतर जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवावी.